झाडाचं झाडाला

आमच्या घरात कात्र्या दोन. एक माझी, कापडाची. ती लग्नानंतर कपाटाच्या वरच्या खणात गेली ती तिथेच आहे. दुसरी सासूबाईंची, लांब दांड्यांची, झाडं छाटायची. तिला हात लावायचा नाही असं मला पहिल्याच दिवशी बजावलं गेलं, आणि घरजावयाला एकदा सांगितलेलं पुरतं.

मी मूळचा शिंपी. तयार कपड्यांनी आमच्या धंद्याचे बारा वाजवले, दुकानाला कुलूप लागलं. इकडे सासऱ्यांना नर्सरीत हक्काचा माणूस हवा होता आणि बायको एकुलती एक. उचललं बोचकं आणि आलो. लोक हसायचे ते हसले. त्यांनी सासूबाईंना घोड्यावर उभं राहून झाड छाटताना पाहिलं नव्हतं, नाहीतर तेही आले असते.

बाई उंचीनं माझ्या खांद्याला लागणारी. पण तीन पायांच्या त्या लाकडी घोड्यावर चढली की वेगळीच दिसायची. आमची नर्सरी फायकसची. वड-उंबराच्या कुळातलं हे शोभेचं झाड. बारीक चकचकीत पान, सरळ बुंधा, आणि हवा तसा आकार देऊन घेणारा स्वभाव. सासूबाई त्याच्या छत्र्या करायच्या. दोरी नाही, माप नाही. मी आयुष्यभर गळ्यात टेप घालून फिरलेला माणूस, मला आधी ते पटायचंच नाही. एकदा मी चोरून टेप लावून पाहिली. छत्री चारी बाजूंनी सारखी. त्यानंतर मी टेप खिशातून काढून ठेवली.

फायकस कापलं की पांढरा चीक गळतो. तो हाताला लागून वाळतो, काळा पडतो, साबणाला दाद देत नाही. सासूबाईंचे हात कोपरापर्यंत तसे काळपट. दुपारी जेवायला बसण्याआधी त्या गोड्या तेलाचा बोळा घेऊन आधी कात्रीची पाती पुसायच्या, मग बोटं. हा क्रम कधी उलटा झाला नाही.

आणि त्यांचा एक नियम होता. मी नवा असताना, शिंप्याच्या सवयीनं, छाटणी झाल्यावर झाडू घेऊन खालचा पाला गोळा करायला लागलो. दुकानात संध्याकाळी कापडाची कतरण झाडून काढल्याशिवाय आम्ही दिवा मालवत नसू. सासूबाई घोड्यावरून ओरडल्या, "जावईबापू, ठेवा तो झाडू! ही कतरण नव्हे. झाडाचं झाडाला."

म्हणजे छाटलेलं सगळं, पान, काडी, शेंडा, त्याच झाडाच्या बुंध्याशी अंथरायचं. ऊन थोपवतं, ओल धरतं, कुजून खत होतं. आमच्या प्रत्येक झाडाखाली पावलं रुततील असा मऊ थर होता. आजूबाजूचे नर्सरीवाले तो बघायला यायचे. कुणी त्याला कचरा म्हटलं तर सासूबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

त्या वर्षी मोठ्या रुग्णालयानं छत्र्यांची एक लांब रांग मागितली होती. फाटकापासून दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत, वाटेच्या कडेनं. सासूबाईंनी ती रांग रोपापासून वाढवलेली. बोटं आता सांध्यांत सुजायची, सकाळी मूठ मिटायची नाही. एकदा कात्री पुसता पुसता म्हणाल्या, "ही रांग तिथे उभी राहिली की मी कात्री खाली ठेवणार."

"का हो आई? अजून दहा जणांना पुरून उराल," मी म्हणालो.

"लाडीगोडी पुरे. हे आजारी होते ना, तेव्हा मी त्या दवाखान्याबाहेर दगडी बाकावर बसायचे. दिवसच्या दिवस. डोक्यावर ऊन. सावलीला एक झाड नव्हतं हो. माणूस आत मरतंय की जगतंय ते कळत नाही, आणि बाहेर टाळू भाजतेय. तेव्हाच ठरवलं होतं मी."

सासरे शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "मी जगलो ते झाडं लावायला माणूस लागेल म्हणून." सासूबाईंनी तेलाचा बोळा त्यांच्या अंगावर फेकला.

तर ती रांग म्हणजे आमच्या घरात काय होतं ते हे असं.

उन्हाळा कलायला लागला, झाडांना कोवळी पालवी आली, आणि पानं कुरतडलेली दिसायला लागली. आधी कडेनं, मग नुसत्या शिरा. सासरे म्हणाले टोळ असतील. मी म्हणालो शेजारची शेळी असेल, कारण त्या शेळीशी माझं आधीपासून पटत नव्हतं. बायको झाडाखाली मान वर करून उभी राहिली. मध्येच एक वाळकी काडी दिसली म्हणून मोडायला हात घातला, तर काडीनं डोकं वर केलं.

"अहो, इकडे या! लवकर या!"

मी गेलो. डहाळीला चिकटून ताणून पडलेली अळी, राखाडी-तपकिरी, शेपटीला बारीकसं शिंग. एक दिसली की मग दुसरी दिसते. मग सगळं झाडच काड्यांचं दिसायला लागतं. खालच्या पाल्यावर काळी बारीक विष्ठा, चहाच्या पावडरीसारखी, पडलेली. आपण इतके दिवस तिच्यावरून चालत होतो हे माझ्या लक्षात आलं आणि मी चपला झटकल्या.

सासरे शेजारच्या शेतकऱ्याकडून जालीम औषधाची बाटली घेऊन आले. झाकण उघडलं नव्हतं तरी वास येत होता. "एक घाव दोन तुकडे," ते म्हणाले.

"बाबा, ती बाटली बाहेर ठेवा," बायको म्हणाली. "शत्रू कोण तेच माहीत नाही आणि तुम्ही तोफ काढलीत. मी विचारून येते."

लोणच्याची रिकामी बरणी धुतली, फडक्यानं तोंड बांधलं, आत अळ्या आणि पानं. आम्ही दोघं बसनं मोठ्या गावाला गेलो. बरणी माझ्या मांडीवर. शेजारच्या प्रवाशानं विचारलं काय आहे, मी खरं सांगितलं, आणि उरलेला प्रवास मला आख्खं बाक मिळालं.

कृषी केंद्रातल्या बाईंना सगळे झाडांची डॉक्टरीण म्हणतात. त्यांनी बरणी उजेडात धरली आणि एका नजरेत ओळखलं. रेशमाच्या किड्याच्या नात्यातली ही अळी. रेशीम कामाचं नाही, भूक मात्र तीच. फायकस आणि त्याचे भाऊबंद सोडून सहसा दुसरं काही खात नाही. बारकी मातकट पाखरं पानांच्या मागे पिवळी चपटी अंडी ओळीनं चिकटवतात. अळी मोठी झाली की पानातच फिकट पिवळा कोष विणते, त्यातून पुन्हा पाखरू.

"जालीम काही मारू नका," त्या म्हणाल्या. "हिची अंडी पोखरणाऱ्या बारीक गांधीलमाश्या असतात, त्या आधी मरतील आणि ही उरेल. अंडी, कोष हातानं वेचा. झाडं हलवून अळ्या खाली चादरीवर पाडा आणि साबणाच्या पाण्यात टाका. मी जिवाणूंची पावडर देते, ती संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारा, अळ्या लहान असतानाच. पानाच्या मागच्या बाजूनंसुद्धा. आणि हो, झाडांखाली कचरा नाही ना?"

"कचरा?" मी ताठ होऊन म्हणालो. "बाई, आमच्या सासूबाईंच्या बागेत तुम्हाला कचरा औषधाला सापडायचा नाही."

बायकोनंही मान डोलावली. आम्ही दोघांनीही खोटं सांगितलं नव्हतं. आमच्या घरात त्याला कचरा म्हणतच नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कंबर कसली. सकाळी चादरी अंथरायच्या, बांबूनं फांद्यांना टोले द्यायचे, पडलेल्या अळ्या झटकून बादलीत. काही अळ्या रेशमाच्या धाग्याला लोंबकळत राहायच्या आणि नेमक्या मानेवर उतरायच्या. दुपारी पान न् पान उलटं करून बघायचं. मान अवघडायची, डोळ्यांत पाणी यायचं, नखांत पिवळं भरायचं. संध्याकाळी पाठीवर पंप. पट्ट्यांनी खांदे सोलले तेव्हा मी जुन्या कोटांच्या खांद्यांतल्या गाद्या काढून पट्ट्यांखाली शिवल्या. सासऱ्यांनी पाठ थोपटली. घरजावई झाल्यापासून पहिल्यांदा माझ्या शिवणाचं घरात कौतुक झालं.

सासूबाई घोड्यावर. वरचे शेंडे त्यांच्याकडे. अळी लागलेला शेंडा कात्रीनं उडवायचा, अळी वेचून बादलीत, शेंडा खाली बुंध्याशी. हात चालतच होते. संध्याकाळी बोटं मिटायची नाहीत तेव्हा बायको ती कोमट पाण्यात धरून बसायची.

त्यातच रुग्णालयाच्या बागेचे साहेब पाहणीला आले. पांढरा शर्ट, इस्त्री कडक. कॉलर चुकीची बसवली होती, पण ते सांगायची वेळ नव्हती. रांगेवरून त्यांनी नजर फिरवली. निम्म्या छत्र्यांच्या नुसत्या तारा उरल्या होत्या.

"आजी, काड्या न्यायला मी ट्रक पाठवू का?" ते म्हणाले.

सासूबाई घोड्यावरून उतरल्या. कात्री दोन्ही हातांत धरलेली. मला साहेबांचा राग आला, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं म्हणून जास्त आला.

बायको पुढे झाली. "साहेब, झाडं जिवंत आहेत. बघा, फांद्यांवरचे हे डोळे फुगलेत. पालवी आली की बोलवते तुम्हाला."

"आली तर बोलवा," ते म्हणाले. जाताना एका बुंध्यावर हात फिरवला त्यांनी. त्या हातावरून मला कळलं की माणूस वाईट नाही.

पालवी आली. आठवडाभर कष्ट घेतल्यावर बादली रिकामी राहायला लागली, आणि झाडांवर पोपटी रंग चढला. सासरे गुणगुणायला लागले. मी त्यांना जालीम औषधाची बाटली परत नेऊन द्यायला लावली. त्यांनी ती शेळीवाल्याच्या दारावरून मिरवत नेली.

आणि पुन्हा पानांच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या.

पहिल्यापेक्षा जास्त. कोवळ्या पानांवर बारीक पांढुरक्या अळ्या, मोजता न येण्याइतक्या. सासऱ्यांनी डॉक्टरीणबाईंच्या नावानं बोटं मोडली. बायको पंपाजवळ मटकन बसली आणि रडली. तिला रडताना मी क्वचितच पाहिलंय. "सगळं केलं हो आपण. ती म्हणाली ते सगळं केलं. मग कुठून येतंय हे?"

मी पंप भरायला घेतला.

त्या दुपारी ऊन फार होतं. सासूबाईंचे गुडघे भरून आले म्हणून त्या रांगेतल्या पहिल्या झाडाखाली बसल्या, बुंध्याला टेकून. हे त्यांचं लाडकं झाड, रांगेतलं सगळ्यात देखणं. मी दोन झाडं सोडून पानं उलटी करत होतो. त्यांचा हात सहज खालच्या पाल्यात गेला, आपण गादीवर हात फिरवतो तसा. तो तिथेच थांबला.

मला वाटलं चक्कर आली. जवळ गेलो तर त्यांच्या तळहातावर एक वाळलेलं पान, त्याच्या घडीत फिकट पिवळा कोष. टोकाला भोक. रिकामा. त्यांनी पाला आणखी उकरला. आणखी एक कोष. आणखी दोन. एका छाटलेल्या काडीवर मातकट पाखरू बसलं होतं, नुकतंच बाहेर आलेलं, पंख अजून ओले.

मला सगळं एकदम कळलं. त्यांनाही कळलं होतं. आजूबाजूला आम्ही दोघंच होतो. त्यांनी तो पाला तसाच सारला असता तर मी जन्मभर मूग गिळून गप्प बसलो असतो. बायकोलासुद्धा सांगितलं नसतं.

सासूबाईंनी मान वर केली आणि मोठ्यानं हाक मारली. "अहो! पोरी! सगळे इकडे या!"

दोघं धावत आली. सासूबाईंनी पान पुढे धरलं. "बघा. वर आपण मारतोय आणि खाली मी पोसतेय."

सासऱ्यांनी कोष पाहिला आणि लगेच म्हणाले, "वाऱ्यानं पडलं असेल. कुठल्याही झाडावरून येईल उडून."

"वाऱ्यानं?" सासूबाईंनी काडी उचलून टोक दाखवलं. तिरपा, स्वच्छ काप, वाळला तरी धारदार. "हा काप वाऱ्याचा नाही. माझ्या कात्रीचा आहे. मी माझा काप ओळखते."

बायको म्हणाली, "आई, पण तुला काय माहीत..."

"माहीत नव्हतं, ते खरं. आता झालं ना? जा, त्या बाईला फोन लाव. सांग, तुम्ही विचारलं होतं तसा कचरा होता. ढीगभर होता."

तो शब्द त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकला. बायकोनं फोन लावला, पण ती अडखळायला लागली तेव्हा सासूबाईंनी तो तिच्या हातातून घेतला आणि स्वतः सांगितलं, आधीपासून शेवटपर्यंत, एक शब्द न गाळता. पलीकडून डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "नाही, वाईट कशाला वाटेल? झाडं माझी आहेत ना."

मी पुष्कळ कारागीर पाहिलेत. आमच्या धंद्यात उसवायची वेळ आली की मोठेमोठे लोक कापडाला दोष देतात, गिऱ्हाइकाच्या पोटाला दोष देतात. मीही दिलाय. चूक आपल्या कात्रीची आहे म्हणून हाक मारून सांगणारं माणूस मी त्या दिवशी पाहिलं. मला त्यांच्या पायाशी बसावंसं वाटलं. बसलोच, कारण पाला उपसायचा होता.

वर्षानुवर्षांचा थर तो. वरचा सुटा, खालचा कुजून काळा, मुळांच्या केसांनी शिवल्यासारखा. लोखंडी पंजानं ओढायचा, घमेल्यात भरायचा, घमेलं काळ्या पिशवीत. पिशव्यांची तोंडं मी शिवायचो, दाभण घेऊन, दुहेरी टाका. सासरे त्या शिडीनं घराच्या पत्र्यावर नेऊन उन्हात मांडायचे. आतलं सगळं भाजून निघालं पाहिजे. त्यांना दम लागायचा, पण कुणाला शिडीवर चढू द्यायचे नाहीत. सासूबाई गुडघ्यांवर. पंजा धरता येईना तेव्हा हातांनीच ओढायला लागल्या. बायकोनं "आई, बस आता" म्हटलं की "मी अंथरलंय, मीच उचलते" एवढंच.

संपलं तेव्हा झाडांखालची जमीन उघडी पडली होती. फिकट, ओलसर, झाडून घेतलेल्या रिकाम्या खोलीसारखी. सासूबाई तिकडे पाहायच्या नाहीत. आम्ही पुन्हा अंडी वेचली, पुन्हा चादरी, पुन्हा संध्याकाळचा पंप. एका पानामागची अंडी काळी पडलेली दिसली तेव्हा बायको हरखली. डॉक्टरीणबाईंच्या बारीक गांधीलमाश्या कामाला लागल्या होत्या. ते पान आम्ही तोडलं नाही.

या वेळी बादली रिकामी झाली ती रिकामीच राहिली. पालवी पोपटी होती ती गडद झाली. छत्र्या पहिल्याइतक्या दाट नव्हत्या, पण खाली उभं राहिलं तर सावली पडत होती. बायकोनं साहेबांना बोलावलं. ते आले, रांगेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत गेले, आणि म्हणाले, "आजी, त्या दिवशी मी जास्तच बोललो."

"बरोबर बोललात," सासूबाई म्हणाल्या.

ट्रक आला त्या सकाळी हमाल झाडांना गोणपाट बांधत होते आणि सासूबाई प्रत्येक झाडाचा निरोप घेत होत्या. म्हणजे मला आधी तसं वाटलं. नीट पाहिलं तर त्या पानांच्या मागे बोटं फिरवत होत्या. डोळ्यांनी आता बारीक दिसत नाही. बोटांची टोकं तेवढी शाबूत. झाड गेलं, दुसरं गेलं, ट्रक भरत आला. शेवटी पहिलं झाड राहिलं, ते देखणं. त्याच्या आतल्या बाजूच्या एका पानापाशी त्यांचा हात थांबला.

"जावईबापू, बघा बरं काय आहे."

मी पान उलटलं. पिवळी, चपटी अंडी. बारीक हातशिलाईसारखी एक ओळ. ताजी.

"हे झाड जायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

साहेब जवळ आले. "एवढंच ना? पान तोडून टाका. अहो, सगळ्यात चांगलं झाड आहे हे, फाटकाजवळ लावणार होतो."

"सापडलं ते तोडलं. न सापडलेलं कसं तोडू?"

"आई, बाकीची झाडं आपण दोनदा पाहिलीत, हेही पुन्हा पाहू," बायको हळूच म्हणाली. तिलाही ते झाड जायला हवं होतं. आम्हाला सगळ्यांनाच हवं होतं.

"ती पाहिलीत म्हणून जातायत. हे नाही. यातून एक पाखरू सुटलं तर सगळी रांग जाईल. मग त्या बाकावर बसणाऱ्या बाईनं वर बघितलं तर काय दिसेल तिला? काड्या?"

साहेबांनी डोकं खाजवलं. "रांगेत खड्डा दिसेल, आजी. फाटकातच."

"दिसू दे. पुढच्या मोसमात भरून देऊ."

"तुम्ही तर आता काम थांबवणार, असं ऐकलं."

सासूबाईंनी ट्रकवाल्याला निघायची खूण केली. ट्रक गेला. पानांची ती हलती हिरवी रांग वळणापर्यंत दिसत होती. सासरे फाटक लावून आले आणि नाक शिंकरत आत गेले. त्या झाडाचं आता एकच करायचं होतं: सगळं खाली उतरवायचं, पान न ठेवता, आणि नव्यानं छत्री धरायची.

सासूबाईंनी घोडा ओढून झाडाशी आणला. स्वतः चढल्या नाहीत. तेलाच्या बोळ्यानं कात्रीची पाती पुसली, दोन्ही बाजूंनी, सावकाश. मग दांडे माझ्याकडे केले.

"कापायची सवय गेली का, जावईबापू?"

मी कात्री दोन्ही हातांत धरली. "आई, हे कापड नाही हो. मला माप लागतं."

"मग घ्या टेप. चोरून कशाला लावता? मी तेव्हाही पाहिलं होतं."

बायको तोंडाला हात लावून हसली. मी घोड्यावर चढलो. खाली सासूबाईंनी चादर अंथरली, चारी कोपरे ओढून सुरकुती काढली आणि तिच्या कडेला बसल्या. मी शेंडा धरला, कात्री लावली आणि दांडे मिटले. माझा काप त्यांच्यासारखा तिरपा आला नाही. चीक टपकला. शेंडा चादरीवर न पडता बाजूच्या उघड्या मातीत पडला.

मी वरून पाहत राहिलो. त्या गुडघ्यांवर पुढे सरकल्या, न मिटणाऱ्या बोटांनी तो शेंडा मातीतून उचलला, पान उलटून पाहिलं आणि चादरीवर टाकला.

"नीट बघून कापा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "कतरण बाहेर पडतेय."